सोंक्रानचं पाणी

एकाच आठवड्यात पाडवा झाला, ईद झाली आणि शनिवारी सोंक्रान आलं. सोंक्रान म्हणजे थायलंडचं नववर्ष, धाकट्या सुनेच्या माहेरचं. तीन-तीन सण लागोपाठ, आणि आखातातल्या उम्म अल हस्सममधलं तोडणकरांचं घर मात्र दुभंगायला निघालेलं. खाली सामान हलवणाऱ्या अझहरचा पिकअप सकाळपासून उभा होता. परीक्षितचं कपाट, सुनीसाची शिवणमशीन, गाद्या, मायक्रोवेव्ह, सगळं त्यात चढलं होतं. पलंग तेवढा राहिला होता. तो चढला की धाकटा मुलगा आणि धाकटी सून जिदहफ्सच्या फ्लॅटवर जायला मोकळे.

परीक्षितची आई मंगला स्वयंपाकघरात उभी राहून आवाज ऐकत होती. रडायचं काम तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी उरकून टाकलं होतं, त्यामुळे आता तिच्याकडे विचार करायला वेळ होता. आणि ती विचारच करत होती. घर मोडू द्यायचं नाही, हे तिने पहाटेच ठरवलं होतं. कसं मोडू द्यायचं नाही, ते अजून ठरत नव्हतं.

भांडण साधं होतं, म्हणूनच मिटत नव्हतं. गेल्या सोंक्रानला, लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले असताना, सुनीसा वाडग्यात पाणी घेऊन सासऱ्यासमोर आली होती. पाण्यात मोगऱ्याच्या कळ्या आणि गुलाबाच्या पाकळ्या. तिच्याकडे त्या दिवशी धाकट्यांनी थोरांच्या हातांवर पाणी घालायचं, वर्षभरात काही चुकलं असेल त्याची माफी मागायची आणि थोरांनी तोंडाने आशीर्वाद द्यायचा. सासऱ्याला, गणपतला, यातलं कुणी काहीच सांगितलं नव्हतं. पाण्याची धार तळहातावर पडली, अंगठ्यावरून ओघळली, आणि तो निखारा हातावर पडावा तसा उठला. वाडगा कोचावर उपडा झाला. अंगठ्यावरून पाणी सोडायचं ते पितरांना, हे रत्नागिरीकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"मी अजून मेलेलो नाही," एवढंच तो म्हणाला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

त्यानंतर वर्षभर सासरा सुनेशी एक शब्द बोलला नाही. तशात डोंबिवलीहून गणपतची धाकटी बहीण अरुणा व्हिजिट व्हिसावर आली आणि तिने मोबाइलवरचा एक व्हिडिओ भावापुढे धरला. थायलंडमधली कुणाचीतरी अंत्ययात्रा. लोक रांगेने येतायत आणि प्रेताच्या हातावर पाणी घालतायत. "बघ दादा, तुझ्या हातावर घातलं ते हेच," ती म्हणाली. झालं. आगीत तेल म्हणतात ते असं.

मंगलाचं आणि सुनीसाचं मात्र जमलं होतं. अगदी गूळपीठ. पहिल्या दिवशीच मंगला शेजारणीला म्हणाली होती, पोरीच्या नावातच सून आहे, मी काय नाही म्हणणार. ओट्याशेजारच्या भिंतीवर दोघींची कॅलेंडरं जवळजवळ टांगलेली होती. सुनीसाच्या कॅलेंडरातले निम्मे लाल दिवस मंगलाच्या पौर्णिमांवरच पडायचे. माघातली पौर्णिमा, वैशाखातली, आषाढातली. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांचे भिक्षू पावसाळाभर मठ सोडत नाहीत, आणि सुनीसाचे वडील तीन महिने दारूला शिवत नाहीत, हे कळल्यावर मंगला म्हणाली होती, "म्हणजे चातुर्मासच की. आम्ही कांदा सोडतो, ते बाटली सोडतात. चांगलं आहे." आणि ऑगस्टच्या बारा तारखेला, त्यांच्या मातृदिनाला, सुनीसाने मोगऱ्याचा गजरा तिच्या ओंजळीत ठेवून पायांवर डोकं टेकवलं होतं. दोन मुलगे वाढवले मंगलाने. एकाला तरी असं सुचलं होतं का?

"आई, ड्रिल कुठाय? पलंगाचे स्क्रू काढायचेत." परीक्षित दारात उभा होता. झल्लाकच्या ज्या हॉटेलात तो इलेक्ट्रिशियन होता, त्याच हॉटेलच्या बेकरीत सुनीसा होती. तिथेच जमलं होतं दोघांचं.

"ड्रिल मिळेल. आधी सुनीसाला म्हणावं, पाणी तयार कर."

"आई, नको. खलास आता ते."

"का खलास? तिचा वर्षाचा सण आहे. सणाच्या दिवशी सून रीत न करता उंबरठा ओलांडून गेली, असं माझ्या घरात व्हायचं नाही. रीत करा, मग खुशाल जा."

"परत बाबांचा तमाशा बघायचाय तुला?"

"तुझ्या बाबांचं नाव कुणी काढलं?" मंगलाने पदर खोचला. "या घरात थोर काय ते एकटेच आहेत? माझे केस काय उन्हाने पांढरे झाले? माझ्या हातावर घाला."

परीक्षित तिच्याकडे बघत राहिला. आईच्या आवाजात हट्ट होता आणि त्या हट्टाच्या मागे आणखी काहीतरी होतं, ते त्याला कळलं नाही. मुलग्यांना नाहीच कळत.

*

हॉलमध्ये पूर्णिमा अरुणाआत्यांच्या शेजारी बसली होती. ती तोडणकरांची थोरली सून, पुण्याची, बँकेत अकाउंट्समध्ये. नवरा प्रवीण आज शिफ्टला होता, त्यामुळे नवऱ्याच्या आडोशाला उभं राहायची सोय नव्हती.

"वहिनीचं डोकं फिरलंय," आत्या हळू आवाजात म्हणाल्या. "जाणाऱ्याला जाऊ द्यावं. तुलाही तेवढंच मोकळं होईल ना गं?"

पूर्णिमा नुसतं "हं" म्हणाली. काल हेच ऐकून तिला बरं वाटलं असतं. आठ वर्षं ती या घरात होती. सुनीसा आल्यापासून स्वयंपाकघरातून सासूच्या हसण्याचे आवाज यायला लागले, आणि ते हसणं आपल्यासाठी कधीच नव्हतं, हे तिला फार लागलं होतं. पण आज सकाळी रिकाम्या होत आलेल्या खोलीत सुनीसा एकटीच पलंगाखालची धूळ झाडत होती. जी खोली सोडून जायची, ती झाडून ठेवत होती. ते पाहून पूर्णिमा दारातूनच मागे फिरली होती.

मंगला आली आणि मधल्या खुर्चीत बसली, लग्नात विहीण बसते तशी, ऐसपैस. सुनीसा वाडगा घेऊन मागोमाग आली. आज तिने फुलाफुलांचा लाल ब्लाउज घातला होता. तिने खाली परात ठेवली, गुडघे टेकले, आणि मंगलाच्या जोडलेल्या हातांवर थोडं थोडं पाणी घालू लागली. हॉलभर मोगऱ्याचा वास पसरला.

"आई, वर्षात मी चुकले, तर माफ करा," ती म्हणाली. मराठी तिचं मंगलाकडूनच शिकलेलं, म्हणून त्यात रत्नागिरीचा हेल होता. "मीठ जास्त घातलं, ते पण."

"मीठ तू कधी घातलंस? तू तर साखर घालतेस सगळ्यात," मंगला म्हणाली, आणि ओले हात तिच्या केसांवरून फिरवले. "सुखात राहा, बाय. लेकराबाळांनी घर भरू दे तुझं."

मग परीक्षितने पाणी घातलं. "सॉरी, आई," म्हणाला आणि मान खाली घातली. मंगलाने त्याला आशीर्वाद दिला आणि वर एक टपलीही दिली.

सुनीसाने वाडगा उचलला. ती उठणार इतक्यात पूर्णिमा उभी राहिली.

"मला दे," ती म्हणाली.

"तू कशाला गं?" आत्या म्हणाल्या. पूर्णिमाने ऐकलं नाही. ती परातीपाशी बसली. तिने घाईने घातलेलं निम्मं पाणी मंगलाच्या मांडीवर गेलं.

"आई, आत्यांना तो व्हिडिओ मी शोधून दिला होता," ती म्हणाली. मान वर करायची हिंमत नव्हती, तरी तिने केली. "अंत्ययात्रेचा. मुद्दाम. आठ वर्षांत मला तुमच्याकडे माफी मागायला जागाच सापडली नाही. आज ही पोरगी वाडगा घेऊन आली म्हणून सापडली. सुनीसा, तुझीही माफी मागते."

मंगलाने आपले ओले हात पूर्णिमाच्या गालांना लावले.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "वन्संना साधा रिचार्ज मारता येत नाही, त्या कुठून थायलंडचे व्हिडिओ शोधणार? वाट बघत होते, तू कधी बोलतेस त्याची. आता माझा आशीर्वाद ऐक. मनात ठेवू नकोस. भांडायचं असेल तर माझ्याशी तोंडावर भांड. आणि संध्याकाळी ओट्यापाशी येऊन बसत जा, आम्ही काही तुला येऊ नको म्हणत नाही."

पूर्णिमाला रडू फुटलं. सुनीसाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच, जणू पुढचं पान वाढायचं आहे अशा घाईने, वाडगा घेऊन आत्यांसमोर जाऊन बसली. सोबत तिने एक नवीकोरी, नक्षीची सुती चादर आणली होती. सोंक्रानला थोरांना नवं कापड द्यायचं असतं.

आता आली पंचाईत. अरुणाआत्यांना आयुष्यात मानाचा नारळ नाकारणं जमलं नव्हतं. भावकीत त्या कायम दुसऱ्या रांगेत बसलेल्या. समोर कुणीतरी गुडघे टेकून, हातावर चादरीची घडी ठेवून, "आत्या, तुम्ही मोठ्या आहात," म्हणतंय म्हटल्यावर हात आपोआप पुढे झाले. त्यांनी तीर्थासारखं पाणी घेतलं आणि सवयीने डोळ्यांना लावलं.

"कापड चांगलं आहे," त्या चादर चाचपत म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पोर चांगली आहे, वहिनी. उगीच नाही म्हणवत."

मंगलाने फक्त गणपतच्या बंद खोलीच्या दाराकडे पाहिलं.

*

दारापलीकडे गणपत आपल्या पलंगाच्या काठावर बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. एसी दुरुस्तीच्या दुकानात आयुष्य गेल्यामुळे भिंतीपलीकडचा बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखायची त्याला सवय होती. हॉलमध्ये बिघाड नव्हता. तिकडे सगळं सुरळीत चाललं होतं, त्याच्याशिवाय.

लोकांना वाटत होतं गणपत चिडलाय. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. त्याचा बाप गेला तेव्हा तो इथेच होता, नवा कामगार, पासपोर्ट कंपनीत जमा. फोन आला तोवर तिकडे सगळं आटपलं होतं. बापाला शेवटचं पाणी चुलत्याने दिलं. पुढे गावी गेल्यावर गणपतने नदीवर जाऊन रीतीने तर्पण केलं, ब्राह्मण जेवायला घातले, पण अंगठ्यावरून पडणारं ते पाणी त्याला उशिराच वाटलं, आणि दरवर्षी पितृपक्षात उशिराच वाटत राहिलं. गेल्या साली सुनेने घातलेलं पाणी अंगठ्यावरून ओघळलं, तेव्हा त्याला बाप दिसला. सुनेसमोर रडू कोसळेल या भीतीने तो ओरडला. आणि एकदा ओरडल्यावर माघारी कसं फिरायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ही गोष्ट त्याने मंगलालाही सांगितली नव्हती.

खालून अझहरने हॉर्न दिला. गणपत उठला आणि दार उघडून बाहेर आला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. परीक्षित आपसूक बायकोच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"बाजूला हो," गणपत म्हणाला. "मला हिच्याशी बोलायचंय."

वर्षाने बोलत होता.

"मला एक खरं सांग. मेलेल्या माणसाच्या हातावर तुमच्यात पाणी घालतात की नाही?"

"बाबा, ते वेगळं असतं," परीक्षित घाईघाईने म्हणाला. "त्याचा आणि याचा काहीच संबंध..."

"घालतात," सुनीसा म्हणाली.

मंगलाने डोळे मिटले. या एका शब्दापायी सगळं हातचं जाणार, असं तिला वाटलं. पूर्णिमाने सुनीसाचा दंड धरला, पण ती थांबली नाही.

"घालतात, बाबा. आणि माफी पण मागतात, अशीच. पण ते बोलत नाहीत." तिने शब्द शोधले. "मेलेला माणूस 'ठीक आहे' म्हणत नाही. म्हणून आम्ही दर वर्षी आधी घालतो. जिवंत आहेत तोपर्यंत. ते बोलतात म्हणून."

गणपतने आपल्या हातांकडे पाहिलं.

"माझी याय, आईची आई, तिने मला वाढवलं. ती गेली, मी इथे होते. सगळ्यांनी तिच्या हातावर पाणी घातलं. मी नाही."

"लीव्ह?" गणपतने विचारलं.

"नो लीव्ह, बाबा."

हे दोन शब्द त्याला कुणी समजावून सांगायला नको होते. आखातात आयुष्य काढलेल्या माणसाला त्यांचा अर्थ हाडात कळतो. गणपत खुर्चीजवळ गेला आणि खुर्चीची पाठ धरली.

"माझ्या बापाच्या वेळेला मलाही नव्हती मिळाली," तो म्हणाला. मग मंगलाकडे वळला. "तुला सांगितलं नाही मी कधी. गेल्या साली पाणी हातावर पडलं आणि मला तो दिसला गो. मी हिच्यावर चिडलो नव्हतो. भ्यालो होतो."

इतक्या वर्षांचा संसार, आणि हे तिला आज कळत होतं. मंगलाला नवऱ्याचा राग आला, आणि रागाच्या वर मायाही आली. ती खुर्चीतून उठली.

"बसा," ती म्हणाली. "माझी झाली पाळी. आता तुमची."

गणपत बसला. दोन्ही हात त्याने स्वतःहून पुढे केले, परातीवर. सुनीसाने गुडघे टेकले. वाडग्यात आता थोडंच पाणी उरलं होतं, ते तिने बारीक धारेने सगळं घातलं. पाणी अंगठ्यावरून ओघळलं. गणपतचे हात हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही त्याने पुसलं नाही. अरुणाआत्यांनी नव्या चादरीचं टोक तोंडाला लावलं.

"बाबा, वर्षात मी चुकले, तर माफ करा."

आता थोरांनी बोलायचं होतं. सगळे थांबले. सौभाग्यवती, आयुष्मती, जे काही ठेवणीतलं होतं ते गणपतच्या जिभेवर येईना. शेवटी तो तसाच ओल्या हातांनी उठला, गॅलरीत गेला आणि कठड्यावरून वाकून ओरडला.

"अझहर, सामान वर घे."

"क्या चाचा?" अझहर पिकअपच्या टपावर रेलून चहा पीत होता. "अभी तो पूरा चढ़ाया है."

"उतार सगळं. यल्ला, चल. जिदहफ्स कॅन्सल."

पुढच्या क्षणी घरात जो गोंधळ झाला, तो पाडव्यालाही झाला नव्हता. परीक्षितने बापाला मिठी मारली, बापाने त्याला "सोड, शर्ट चुरगळतोय" म्हणून दटावलं आणि स्वतःच त्याला घट्ट धरून ठेवलं. पूर्णिमाने परातीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि दिराच्या मानेत ओतलं. सुनीसा खळखळून हसली.

"आता खरं सोंक्रान," ती म्हणाली, आणि उरलेली परात गॅलरीतून खाली रिकामी केली. खालून अझहर ओरडला, "भाभी, ये होली है क्या?" त्यावर मंगलाने त्याला हिंदीतच सुनावलं की आज आमचं नववर्ष आहे, भिजलास तर पुण्य लागेल, आणि वर ये, श्रीखंड उरलंय. आमचं म्हणाली ती. कुणी तिला दुरुस्त केलं नाही.

मग सामान चढायला लागलं. कपाट लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने आणावं लागलं. खालच्या टोकाला अझहर आणि परीक्षित, वरच्या टोकाला गणपत. तू कशाला दादा, म्हणून आत्या ओरडत होत्या, पण तो ऐकायला तयार नव्हता. मागून सुनीसा शिवणमशीन छातीशी धरून येत होती, तिच्या मागे पूर्णिमा, आणि सगळ्यांच्या मागे हातात एकही वस्तू नसलेली मंगला, एकेकाला हुकूम सोडत.

मधल्या वळणावर गणपतला धाप लागली. त्याने कपाट पायरीवर टेकवलं.

"सुनीसा," त्याने हाक मारली. "तुझी आई गावी एकटीच असते ना?"

"माझे बाबा आहेत ना. पण त्यांचे पाय दुखतात. आई शेत बघते."

"तिचा पासपोर्ट आहे?"

"नाही."

"तिला म्हणावं, काढ. दोघांचे काढा." त्याने कपाळावरचा घाम बाहीला पुसला. "पुढच्या सोंक्रानला त्यांना इथे बोलाव. व्हिजिट व्हिसाचं मी बघतो. तू त्यांच्या हातावर पाणी घाल. लीव्हची वाट बघत बसू नकोस."

सुनीसाला पुढे चालता येईना. मशीन तशीच छातीशी धरून ती जिन्यात उभी राहिली आणि हमसून रडायला लागली. पूर्णिमाने तिच्या हातातून मशीन काढून घेतली.

"जिन्यात उभे राहून कसले व्हिसा काढताय?" मंगला खालून म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता आणि तो लपवायची तिला आज गरज वाटली नाही. "उचला आता. वर चला सगळे. घरात या."